खुर्चीची सोय

खुर्ची एकच आली.

विमानाच्या दारातून बाहेर पडलं की तो पत्र्याचा, पावलागणिक थोडा डगमगणारा बोगदा लागतो, त्याच्या तोंडाशी सर आणि त्यांची बायको भिंतीला खेटून उभे होते. बाकीचे उतारू चाकांच्या बॅगा खडखडवत कधीच पुढे निघून गेले होते आणि आतून आता सफाईवाल्यांचे आवाज येत होते. तेवढ्यात निळा सदरा घातलेला, पोट सुटलेला, पन्नाशीच्या घरातला एक माणूस चाकांची खुर्ची ढकलत आला. त्याने फोनमध्ये पाहिलं, दोघांकडे पाहिलं, पुन्हा फोनमध्ये पाहिलं. नोंद दोन खुर्च्यांची आहे, तो म्हणाला, पण आज माणसं कमी आहेत, दुसरी कधी येईल ते सांगता यायचं नाही, आणि तुमचं पुढचं विमान तर इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला लागलंय. तेव्हा एकाने बसा, एकाने बरोबर चालत या. कोण बसतंय? त्याने विचारलं ते अगदी सहज, दुकानदार पिशवी हवी का म्हणून विचारतो तसं. बायको म्हणाली, "तुम्ही बसा." आणि सर बसले.

मध्ये काहीच झालं नाही. पुढे कितीतरी वेळ सरांना हेच पुन्हा पुन्हा आठवत राहिलं, की तिचं म्हणणं आणि आपलं बसणं यांच्या मध्ये काहीच झालं नाही. निदान तोंडदेखलं तरी 'छे छे, तू बस' असं निघायला हवं होतं. तोंडातून नाही तर नाही, हातातून तरी, एखादी अर्धवट खूण. पण त्यांनी खुर्चीचे दांडे चाचपले, मागे रेलले, पायाखालच्या पट्ट्या त्या माणसाने खाली पाडल्या त्यांवर बूट ठेवले आणि हातातली पिशवी मांडीवर घेतली. लग्न झाल्यापासून घरात जे जे एकच असेल ते त्यांच्याकडे येत आलं होतं. पंख्यासमोरची जागा, न चुरगळलेलं वर्तमानपत्र, आंघोळीचं पहिलं कढत पाणी. त्यांनी कधी मागितलं नव्हतं. मागायची वेळच येत नसे, त्यामुळे आपल्याला काही मिळतंय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आज एका परक्या माणसाने प्रश्न विचारला म्हणून ते उघड्यावर आलं, एवढंच. पण परक्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याने खुर्ची वळवली आणि ढकलायला सुरुवात केली.

सर म्हणजे कवायतीचे सर. आयुष्यभर त्यांनी शाळेच्या मैदानावर पोरांना सरळ उभं राहायला शिकवलं होतं. पोरं त्यांना मागे 'शिट्टी' म्हणत आणि त्यांना ते माहीत होतं. निवृत्त झाल्यावरही ते सकाळी अंधारात उठून शहराला वळसा घालून येत, आणि त्यांच्या वयाची माणसं कमरेवर हात ठेवून बाकावर बसलेली दिसली की त्यांना मनातून बरं वाटे. मैदानावर त्यांची ख्याती एका गोष्टीसाठी होती. सोंग करणारं पोर ते लांबून ओळखत. पोटात दुखतंय, पाय मुरगळलाय म्हणत येणाऱ्या पोराला ते फक्त चालायला लावत आणि पाठ करून उभे राहत. ते नुसते ऐकत. खोटं लंगडणारं पोर पाय आपटून लंगडतं, त्याला ते ऐकवायचं असतं. खरं लंगडणारं पोर लंगडणं लपवतं. हे ते शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना नव्या मास्तरांना सांगत आणि नवे मास्तर माना डोलवत.

ही खुर्चीची कल्पना लेकीची. मागच्या खेपेस दोघं पहिल्यांदा तिच्याकडे जायला निघाले, तेव्हा ह्याच मधल्या विमानतळावर सरांनी विमानाकडे जायच्या दाराचं अक्षर चुकीचं वाचलं होतं. कुणाला विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. बायको दोनदा म्हणाली, की समोर कोट घातलेली बाई आहे तिला विचारू या का, तेव्हा ते तिच्यावर खेकसले होते. विमान गेलं. मग दुसऱ्या दिवशीपर्यंत बाकड्यावर बसून राहणं, लेकीचे फोन, तिचं रडणं, तिला घ्यावी लागलेली सुट्टी. त्या गोष्टीचं नाव घरात पुन्हा कुणी काढलं नाही, पण ह्या वेळी तिकीट काढताना लेक फोनवर म्हणाली की बाबा, मी दोघांसाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली आहे. सर भडकले. आपण काय लुळेपांगळे आहोत का, रोज किती चालतो ते तुझ्या आईला विचार. ती हसून म्हणाली की चालता येतं हे कोण नाकारतंय, मी फक्त बसा म्हणतेय. सगळे करतात. खुर्ची घेतली की रांग नाही, दार शोधायची कटकट नाही, माणूस थेट विमानात नेऊन सोडतो, आणि मला इकडे घोर नाही. शेवटचं वाक्य तिने हळू उच्चारलं. सर त्यावर काही बोलले नाहीत आणि ते 'हो'मध्ये धरलं गेलं.

निघताना, आपल्या गावच्या विमानतळावर, दोन खुर्च्या वेळेवर आल्या होत्या. खरं सांगायचं तर सरांना मजा वाटली. रांगेतली माणसं घामाघूम उभी होती, पोरं किरकिरत होती, आणि ह्यांच्यासाठी एका पोलिसाने पट्ट्याची दोरी काढून वाट करून दिली. बायको शेजारच्या खुर्चीत अंग चोरून बसली होती, कुणाच्या तरी घरी आगंतुक आल्यासारखी. त्यांनी तिला डोळ्यांनी खुणावलंसुद्धा, बघ कशी राजेशाही. मग तपासणीचा दरवाजा आला. तिथल्या जवानाने अदबीने विचारलं, आजोबा, दोन पावलं उभं राहून चालता येईल का? आणि सरांना काही कळायच्या आत त्यांचा उजवा हात गुडघ्यावर गेला, पाठ वाकली, आणि घशातून एक कण्हणं बाहेर पडलं. त्यांनी ते ठरवलेलं नव्हतं. कुणी मागितलेलंही नव्हतं. ते दोन पावलं पाय ओढत चालले, जवानाने त्यांच्या कोपराला हात दिला, आणि त्या हाताच्या उबेने सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पलीकडे गेल्यावर त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. ती त्यांच्या मागून आली, खुर्चीतून उठताना तिने आवाज केला नाही, दाराच्या चौकटीतून सरळ चालत आली. तिला बघून जवानाला वाटलं असेल, की ह्या बाईला कशाला हवी खुर्ची.

आता ह्या मधल्या विमानतळावर, लांबच लांब गुळगुळीत वाटेवरून खुर्ची चालली होती, आणि सरांना मागचं काही दिसत नव्हतं. खुर्चीत बसलेल्या माणसाला फक्त पुढचं दिसतं. दुकानांच्या काचा, अत्तरांचे वास, लोकांच्या कमरा आणि पिशव्या. लोक बाजूला सरत आणि सरताना चेहऱ्यावर एक मऊ भाव आणत. सरांना तो भाव टाळायला कुठे पाहावं कळेना, म्हणून ते मांडीवरच्या पिशवीच्या चेनकडे बघत राहिले. आणि मग, नको असताना, त्यांना मागून येणारी पावलं ऐकू यायला लागली. बायकोच्या चपला. एक पाऊल पुरतं पडत होतं, दुसरं पडतापडता उचललं जात होतं. मध्येच एक बारीकसा खंड. तो खंड ती भरून काढत होती, पुढचं पाऊल जरा लवकर टाकून, कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. सरांना मैदान आठवलं, स्वतःची ताठ पाठ आठवली. ह्या चपलांचा आवाज घरात रोज, स्वयंपाकघर ते बाहेरची खोली, गॅलरी ते न्हाणीघर, असा त्यांच्या पाठीमागूनच तर फिरत होता. गुडघे दुखतात असं ती पूर्वी म्हणायची. त्यांनी तिला व्यायाम सांगितला होता, पलंगावर पालथं झोपून करायचा. अंग हलवत नाहीस म्हणून होतं हे, असंही सांगितलं होतं. काही दिवसांनी ती म्हणायची थांबली. व्यायाम लागू पडला असं त्यांनी धरलं, आणि एकदोघांना सांगितलंही.

उठायला हवं, त्यांना वाटलं. आत्ता थांबा म्हणावं, उठावं, तिला बसवावं. किती सोपं. पण उठलो की झालं. ज्याला उठता येतं तो बसला कशाला होता? खुर्चीवाला काही बोलणार नाही, फक्त बघेल. नुसतं बघण्यातही केवढं काय असतं हे मुलांना वर्गाबाहेर उभं करणाऱ्या माणसाला कुणी सांगायला नको. सरांनी दांड्यांवरची पकड घट्ट केली आणि स्वतःला सांगितलं, की पुढच्या वळणावर उठू. वळण आलं. मागून तिचा आवाज आला, "तुम्ही व्हा पुढे. मी येते सावकाश." आवाज हसरा होता, दारात आलेल्या माणसाला बसा म्हणताना असतो तसा. खुर्चीवाल्याने वेग कमी केला नाही. त्याला आणखी एकाला आणायचं होतं, असं तो मघापासून पुटपुटत होता. पुढे लिफ्ट होती, ती आधीच भरलेली, त्यात खुर्ची पाठमोरी, कशीबशी घुसली. दार लागताना सरांना फटीतून दूरवर बायकोची साडी दिसली, माणसांच्या गर्दीत, थांबलेली. त्यांनी हात वर केला. तो निरोप घेतल्यासारखा दिसला असणार.

खुर्चीवाल्याने त्यांना दाराजवळ एका ओळीत लावलं, चाकं अडकवली आणि बाई येतीलच म्हणून निघून गेला. समोरच्या बाकावर एक तरुण बाई आणि तिची लहान मुलगी बसली होती. बाईने सरांच्या पायांना जागा व्हावी म्हणून आपली बॅग ओढून घेतली. मग आपुलकीने विचारलं, "गुडघे का?"

"हो," सर म्हणाले.

तिच्या आईलाही तेच आहे, ती म्हणाली, कधीपासून त्रास आहे तुम्हाला? आणि सर बोलायला लागले. थंडीत जास्त होतं. जिना चढताना एवढं नाही, उतरताना कळ येते. जमिनीवर बसलं की उठताना कशाला तरी धरावं लागतं, आणि धरायला काही नसलं तर माणूस बसूनच राहतो, काम आहे असं दाखवत. रात्री कुशीवर वळताना आतून काहीतरी सरकल्यासारखं होतं, म्हणून मग पाठीवरच पडून राहायचं. उशी गुडघ्याखाली घेतली तर बरं वाटतं, पण सकाळी ती पुन्हा डोक्याकडे ठेवायची, नाहीतर कुणी विचारतं. बाई मान हलवत होती. तिचे डोळे पाणावल्यासारखे झाले. सर बोलत होते आणि त्यांच्या अंगावर हळूहळू काटा येत होता, कारण ह्यातलं एकही वाक्य त्यांचं नव्हतं. हे सगळं कधीतरी तिने म्हटलेलं होतं, भाजी निवडताना, दिवा मालवताना, किंवा म्हटलंही नव्हतं, त्यांनी नुसतं पाहिलेलं होतं. उशीचं तर ती कधीच बोलली नव्हती. आपल्याला काही माहीत नव्हतं असं म्हणायची सोय आता राहिली नव्हती. सगळं माहीत होतं. आत नीट घडी घालून ठेवलेलं होतं, आणि पहिल्यांदा बाहेर काढलं ते कशासाठी, तर स्वतःची खुर्ची टिकवण्यासाठी.

"सोबत कुणी नाही का?" बाईने विचारलं. बायको मागून येतेय, ते म्हणाले. बाईने वाटेकडे पाहिलं. वाट रिकामी होती.

मग ध्वनिक्षेपकावर सूचना झाली, की खुर्चीतल्या प्रवाशांना आधी आत घेत आहोत. गणवेशातली एक मुलगी चटचट चालत आली, सरांच्या हातातला कागद बघितला आणि मागे जाऊन खुर्चीचे दांडे धरले. बायको यायची आहे, सर म्हणाले. येतील ना, ती म्हणाली, तुम्हाला आत बसवते, म्हणजे मग काळजी नको. चाकं सुटल्याचा आवाज झाला. खुर्ची हलली. समोर विमानाचं दार, आणि मागे, कुठेतरी लिफ्टच्या पलीकडे, ती. सरांच्या मनात क्षणभर, अगदी क्षणभर, आलं की येईलच ती, तिची सवयच आहे मागून येण्याची. ह्या विचाराची त्यांना एवढी किळस आली की ते उठून उभे राहिले.

गणवेशातली मुलगी दांडे धरून तशीच थांबली. समोरची बाई त्यांच्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरची माया कुठे ठेवावी हे तिला कळत नव्हतं. तिची मुलगी मोठ्याने म्हणाली, "आई, आजोबा उभे राहिले." बाईने तिचा हात दाबला. सरांनी गणवेशातल्या मुलीला सांगितलं की खुर्ची मला द्या, ज्यांना ती लागते त्यांना घेऊन येतो. तिने उशीर होईल असं काहीतरी सांगितलं, पण दांडे सोडले. ते निघाले. पहिल्या काही पावलांत त्यांचा पाय लंगडायला बघत होता. एवढ्या लोकांसमोर नुकता उठलेला माणूस म्हणून थोडं तरी लंगडावं असं पायाचंच म्हणणं होतं. त्यांनी पाय सरळ टाकला. मग ते रिकामी खुर्ची पुढे घालून जवळजवळ पळायला लागले, शाळेत स्पर्धेच्या वेळी पळत तसे, ताठ, कोपरं अंगाशी. लोक बाजूला सरत होते. आता त्यांच्या चेहऱ्यावर मऊ भाव नव्हता, नुसतं कुतूहल होतं, आणि ते सोसायला त्या मानाने सोपं होतं.

ती लिफ्टपर्यंतही पोचली नव्हती. अत्तराच्या दुकानाबाहेर जाहिरातीचा एक मोठा फलक होता, त्याच्या ओट्यावर ती टेकली होती. डाव्या पायातली चप्पल काढून शेजारी नीट ठेवलेली, साडी घोट्यापर्यंत ओढून घेतलेली. दोन्ही तळहात गुडघ्यावर. त्यांना पाहिल्यावर तिने आधी चप्पल पायात सरकवली, मग त्यांच्या मागे कुणी आहे का ते पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही चालत आलात? कुणी पाहिलं म्हणजे?"

"बस," सर म्हणाले.

"मग पुढे तुमचं काय? कागदावर तुमचं नाव आहे. विचारतील ना तुम्हाला."

"बस म्हणतो ना."

तो आवाज मैदानावरचा होता. त्यांनाही तो ऐकू आला. दुसरा आवाज त्यांनी शोधला, पण ऐन वेळी सापडला नाही. ती उठायला लागली आणि उठताना तिने ओट्याच्या कडेला धरलं. त्यांनी हात पुढे केला. तिने तो क्षणभर पाहिला, काय करायचं ते न कळल्यासारखं, मग त्यावर भार दिला. भार अपेक्षेपेक्षा खूप जास्त होता. ती बसल्यावर त्यांनी वाकून पायाखालच्या पट्ट्या पाडल्या. ती बसताना खुर्ची सरकू नये म्हणून चाकाजवळची कळ त्यांनी दाबली होती, आता चाकं कशी सुटतात ते त्यांना सापडेना. एका पोरसवदा प्रवाशाला त्यांनी विचारलं, त्याने दाखवलं.

परत जाताना वाट मघापेक्षा लांब वाटली. वरून त्यांना तिचा भांग दिसत होता, विरळ झालेला, मध्ये कातडी दिसणारा, आणि मानेवरचा घाम. बोलायला हवं होतं. मघा त्या परक्या बाईशी किती सराईतपणे बोललो, तेच उलटं करून हिला सांगायला हवं होतं. पण तोंड उघडलं तेव्हा एवढंच निघालं, की फार दुखतंय का? नाही हो, ती म्हणाली, आता बसलेय ना.

"कधीपासून आहे इतकं?"

ती पुढेच बघत होती. "तुम्हाला माहीतच आहे की," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरोखर त्यांना माहीत आहे असंच तिने इतकी वर्षं धरलं होतं, आणि तरीही ती मागून चालत आली होती. सरांना वाटलं की हिने धरलं होतं तेच खरं होतं, मला मात्र ते आज कळलं. दाराशी ती तरुण बाई रांगेत उभी होती. तिने खुर्चीतल्या बाईकडे पाहिलं, मग ढकलणाऱ्या माणसाकडे, आणि मुलीच्या केसांतला चाप पुन्हा लावायला लागली.

विमानात बायको खिडकीकडे डोकं टेकून झोपली. सर जागे होते. त्यांनी लेकीला सांगायचं वाक्य तयार केलं. लहानसं, वळसे नसलेलं. मधे एकच खुर्ची आली होती, आणि मी बसलो. आईला चालायला लावलं. ते त्यांनी मनात इतक्यांदा म्हटलं की त्यातले शब्द गुळगुळीत झाले आणि दोष त्यांवरून निसटायला लागला, तेव्हा ते घाबरून थांबले. विमान उतरलं. दाराशी ह्या वेळी दोन खुर्च्या उभ्या होत्या, दोन माणसांसकट. बायको एकीत बसली. दुसरा माणूस सरांकडे बघून बसा म्हणाला. "मला चालता येतं," सर म्हणाले. हे वाक्य उच्चारायला त्यांना इतका जोर लावावा लागला की काहीतरी मोठं घडेल असं त्यांना वाटलं होतं. त्या माणसाने बरं म्हटलं, खुर्ची वळवली आणि मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याला विचारायला गेला.

बाहेर लेक उभी होती. आईला वाकून मिठी मारली, मग बॅगा घेऊन मागून चालत येणाऱ्या बापाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तुम्हाला दिली नाही का खुर्ची, तिने विचारलं, मी तक्रार करते, दोन सांगितल्या होत्या मी. सर म्हणाले, की तसं नाही, मधे बदलताना एकच आली होती, आणि—

"ती ह्यांनी मला दिली," बायको म्हणाली. "स्वतः ढकलत आणलं मला. एवढ्या लांब."

ह्यातला शब्दन् शब्द खरा होता. लेकीने सरांकडे पाहिलं. असं तिने त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं, तिच्या लग्नातही नाही, आणि हे असं पाहिलं जावं म्हणून ते किती वर्षं थांबले होते हे त्यांना त्याच क्षणी कळलं. "नाही गं," ते म्हणाले, "त्याच्या आधी—"

"गाडी कुठे लावलीस?" बायकोने लेकीला विचारलं. "मला आता जरा पाय लांब करू दे बाई." आणि मग सरांकडे वळून, चहात साखर पुरे का विचारावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "असू दे आता."

त्यांच्या लक्षात आलं की ती त्यांना वाचवत नव्हती. ती थकली होती. त्यांनी कबूल केलं असतं तर लेक दुखावली असती, मग दोघांची समजूत घालायची, जेवायला बसवायचं, उद्या पुन्हा बोलायला लावायचं, हे सगळं तिलाच करावं लागलं असतं, त्या गुडघ्यांवर उभं राहून. सर गप्प बसले. गप्प बसणं सोयीचंही होतं, आणि ह्यातलं कुठलं कारण खरं हे त्यांना ठरवता येईना.

गाडीत बायको मागे आडवी झाली, पाय सीटवर घेऊन, आणि लगेच तिचा डोळा लागला. सर पुढे बसले. लेक गाडी चालवता चालवता फोनवर नवऱ्याशी बोलत होती. बाबांनी स्वतःची खुर्ची आईला दिली, ती सांगत होती, ह्या वयात स्वतः ढकलत घेऊन गेले, विचार कर. पलीकडून काहीतरी कौतुकाचं आलं. मग त्याने प्रवास कसा झाला म्हणून विचारलं असावं. "अगदी आरामात," लेक म्हणाली, "काही म्हणजे काही त्रास झाला नाही त्यांना ह्या वेळी." मग तिने मान वळवून, हसऱ्या चेहऱ्याने विचारलं, "हो ना बाबा?"

रस्ता रुंद आणि मोकळा होता. "हो," सर म्हणाले.